नादियाच्या फाइलमध्ये कोण कोण होतं

नादिया कोमानेची म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, मॉन्ट्रियल, १९७६, चौदा वर्षांची किडकिडीत मुलगी, अनइव्हन बार्स आणि स्कोअरबोर्डवर झळकलेले १.००, कारण त्या बोर्डाला १०.०० दाखवताच येत नव्हतं, दहापैकी दहा कुणाला मिळतील असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलीय, मुलांना सांगितलीय. मला मात्र सध्या त्या दहा गुणांपेक्षा दुसऱ्याच कागदांनी पछाडलंय. रोमानियाच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे सेकुरितातेनं, तिच्यावर वर्षानुवर्षं ठेवलेली फाइल. त्यातला बराच भाग आता उघड झालाय आणि त्याबद्दल वाचत गेले तसं मला रात्री झोप लागेना, हे अगदी खरं सांगते.

त्या कागदांत तिला एक टोपणनाव दिलेलं आहे, 'कोरिना'. ही कोरिना कुणाशी काय बोलली, कुणावर चिडली, काय खाल्लं, वजन किती वाढलं, कोणाचा फोन आला, सगळं लिहिलेलं. आणि ही माहिती देत कोण होतं? आपल्या डोळ्यासमोर येतो तो कोपऱ्यावर पेपर घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस, आणि तसेही होते, पण खरी खबर पुरवणारे घरचेच भेदी. टीमचा कोरिओग्राफर होता. फेडरेशनमधले लोक होते. ट्रेनिंग हॉलमध्ये रोज दिसणारी, रोज "कशी आहेस" विचारणारी माणसं होती.

माझी लेक जिम्नॅस्टिक्सला जाते, स्पर्धा वगैरे फार नाही, आवड म्हणून. मी बाहेरच्या बाकावर बसून जाळीतून बघत असते. तिथल्या ताई मुलींकडे कसं बघतात हे एकदा तरी नीट पाहावं असं आहे. बीमवर मुलगी मागे वळायला लागली की ताईंचा हात तिच्या पाठीपासून दोन बोटांवर असतो, टेकलेला नसतो, पण असतो. कोण आज नीट जेवून आलेली नाही, कुणाचा घोटा दुखतोय आणि ती लपवतेय, कुणाचं घरी काहीतरी बिनसलंय, हे सगळं त्यांना न सांगता कळतं. वजनाची नोंद एका वहीत होते. मुली त्यांच्यापासून काही लपवत नाहीत, लपवूच शकत नाहीत, कारण शरीर शिकवायचं तर ते शरीर कुणालातरी पूर्ण उघड करून दाखवावंच लागतं, खेळात असो नाहीतर नाचात. डोळ्यात तेल घालून बघणारं माणूस असल्याशिवाय मूल हवेत उलटी उडी मारायला धजावणारच नाही.

आणि नेमकं हेच रोमानियासारख्या राजवटींना आयतं मिळालं. खेळाडूवर पाळत ठेवायला त्यांना नवीन काही उभारायला लागलं नाही, जिथे आधीच सगळं बघितलं जात होतं, लिहून ठेवलं जात होतं, तिथे त्यांनी फक्त त्या वहीची एक कॉपी स्वतःकडे मागवली. म्हणून मला ही पाळत लेखकांवरच्या, पुढाऱ्यांवरच्या पाळतीपेक्षा वेगळी वाटते. विरोधी पक्षाच्या माणसाला निदान माहीत असतं की समोरचा आपला शत्रू आहे. आठ वर्षांच्या मुलीला कसं कळणार की कोचनं आपलं वजन लिहिलं ते आपल्यासाठी की अजून कुणासाठी?

त्या फाइलमधली सगळ्यात भयंकर गोष्ट मला कुठली वाटली सांगू, तर त्यात मुलींना झालेल्या मारहाणीच्या, उपाशी ठेवण्याच्या, घाणेरड्या शब्दांत त्यांच्या वजनावरून बोलण्याच्या नोंदी आहेत. म्हणजे सेकुरितातेला सगळं माहीत होतं. खबऱ्यांनी लिहिलं, अधिकाऱ्यांनी वाचलं, सही करून फाइलला लावलं आणि पुढे काहीही केलं नाही, कारण मेडल येत होती. बेला कारोयी हा कोच हंगेरियन वंशाचा होता, त्या सरकारला हंगेरियन लोकांवर कायम संशय, तेव्हा त्यांचं लक्ष तो देशाशी निष्ठावंत आहे का यावर. मुलींच्या अंगावरचे वळ ही त्यांच्या दृष्टीनं कोचबद्दलची माहिती होती, मुलींबद्दलची नाही. इतक्या जवळून बघायचं, इतकं बारीक बघायचं आणि हात पुढे करायचा नाही. मला हे वाचताना ताईंचा तो दोन बोटांवरचा हात आठवत राहिला आणि संताप संताप झाला.

१९८१ साली रोमानियाची टीम अमेरिकेत प्रदर्शनी दौऱ्यावर गेली असताना कारोयी, त्याची बायको मार्ता आणि तो कोरिओग्राफर, तिघं तिथेच राहिले, परत आलेच नाहीत. हो, तोच कोरिओग्राफर, जो खबरी देत होता. खबर देणाऱ्यालाही त्या देशात राहायचं नव्हतं यावरूनच काय ते समजा. नादिया परत आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या परत येण्याचं बक्षीस म्हणजे पुढची आठ वर्षं. आता तीही पळून जाईल म्हणून पाश्चात्य देशांचे दौरे जवळपास बंद, फोनवर कान, मागे माणसं. १९८४ ला सोव्हिएत गटानं लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला तेव्हा रोमानिया मात्र गेला, आणि नादियाला पण नेलं, टीमबरोबर, बघायला म्हणून, दाखवायला म्हणून. पण तिथेही सावलीसारखी माणसं बरोबर. मायदेशात तिचे पुतळ्यासारखे फोटो लावलेले आणि ती स्वतः बुखारेस्टमध्ये फेडरेशनच्या नोकरीवर, जेमतेम पगारात.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये ती निघाली. रात्री, चालत, आणखी सहा जणांबरोबर, चिखलातून आणि गोठलेल्या पाण्यातून सीमा ओलांडून हंगेरीत. जगात जिचं शरीर सगळ्यात जास्त लोकांनी टीव्हीवर बघितलं असेल ती मुलगी आता कुणालाही दिसू नये म्हणून अंधारात तासन् तास चालतेय. हंगेरीच्या पोलिसांनी तिला ओळखलं, तू राहू शकतेस म्हणाले, पण बरोबरच्या सगळ्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हते, तर ती म्हणाली मग मी पण नाही राहत, आणि सगळे मिळून पुढे ऑस्ट्रियात गेले. चार आठवड्यांनी रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याला गोळ्या घातल्या. लोक म्हणतात थोडी थांबली असती तर. अहो, तिला काय माहीत होतं, कुणालाच माहीत नव्हतं की महिन्याभरात सगळं कोसळणार आहे, आठ वर्षं ज्यांनी कोंडलंय ते महिन्यात जातील असं कोण धरून चालेल.

पूर्व जर्मनीत हे काम जास्त पद्धतशीर होतं. स्टासीकडे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांकडे, शेवटी शेवटी ९१,००० च्या आसपास पूर्णवेळ कर्मचारी आणि वर १,८९,००० च्या आसपास खबरे होते, आणि देशाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात. स्टासीचा प्रमुख एरिच मील्के हाच दिनामो या मोठ्या क्रीडासंघटनेचाही प्रमुख. म्हणजे खेळ आणि हेरखातं एकाच माणसाच्या टेबलावर. फिगर स्केटर काटारिना विट, जिनं १९८४ ला सारायेव्होत आणि १९८८ ला कॅलगरीत गोल्ड मिळवलं, तिच्यावर ती सात-आठ वर्षांची असल्यापासून पाळत होती. पुढे १९९२ पासून लोकांना स्वतःच्या फाइली बघायची परवानगी मिळाली, तेव्हा तिनं जाऊन आपली बघितली. हजारो पानं. घरी कोण आलं, किती वाजता गेलं, आणि हे बेडरूमच्या दारापाशी थांबलेलं नव्हतं, आतलंही घड्याळ लावून लिहिलेलं. मी याहून जास्त तपशील इथे लिहिणार नाही, ते एकदा लिहून झालंय आणि तिला ते वाचावं लागलंय.

विटवर जर्मनीत टीकाही खूप झाली. तिला फ्लॅट मिळाला, गाडी मिळाली, परदेशी फिरायला मिळालं, मग ती कसली बळी, असं. मला हा हिशोबच मान्य नाही. ज्याला सगळ्यात जास्त देतात त्याच्यावरच सगळ्यात जास्त नजर ठेवतात, कारण तो गेला तर नाक कापलं जाणार. तिला जे मिळालं ते नागरिकाचा हक्क म्हणून मिळालं नव्हतं, खूश ठेवायला मिळालं होतं, आणि नाखूश केलं तर ते काढून घेता येणार होतं. फायदा आणि पाळत ही दोन्ही एकाच हातानं दिलेली होती.

तिच्याच शहरातला, तेव्हाच्या कार्ल-मार्क्स-श्टाटमधला, आणखी एक स्केटर इंगो श्टोयर. १९९७ चा जोडी स्केटिंगचा वर्ल्ड चॅम्पियन. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकच्या तोंडावर उघड झालं की तो पोरगेल्या वयात स्टासीचा खबऱ्या होता, 'टोर्स्टेन' या नावानं, आणि सोबतच्या स्केटर लोकांबद्दल लिहून देत होता. तेव्हा तो कोच झालेला. जर्मन ऑलिंपिक संघटनेनं त्याला न्यायला नकार दिला, तो कोर्टात गेला, कोर्टानं जाऊ दिलं. यावर माझं मत आजही धड होत नाही. अठरा-वीस वर्षांचा मुलगा, समोर स्टासीचा अधिकारी, हातात तुझं करिअर ठेवलेलं, नाही म्हण बघू. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी कुठे जायचं, ते पण अठरा-वीसचेच होते ना.

आणि त्या गोळ्या. १९७४ पासून पूर्व जर्मनीत सरकारी योजना म्हणून डोपिंग चाललं, कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या गेल्या, त्यांचे आवाज बदलले, आयुष्यभराची दुखणी लागली. त्या योजनेतला एक प्रमुख डॉक्टर मानफ्रेड होपनर, त्याला २००० साली बर्लिनच्या कोर्टानं दोषी ठरवलं. तो स्वतः स्टासीचा खबऱ्या होता, आणि त्याच्या रिपोर्टांमुळेच या सगळ्याचा बराच पुरावा शिल्लक राहिला. परत तेच. कुणाला कुठली गोळी, काय परिणाम, कुठे काय बिघडलं, सगळं व्यवस्थित नोंदलेलं, तारखांसकट, आणि एकाही पोरीला कुणी सांगितलं नाही की बाई, हे घेऊ नकोस.

पळून का गेले नाहीत असा प्रश्न विचारणं सोपं आहे. गेलेही खूप जण. पण राजवटींना पक्कं माहीत होतं की खेळाडूचा पासपोर्ट काढून घेण्यापेक्षा त्याची आई घरी असणं जास्त उपयोगाचं. सोव्हिएत बॅले नर्तक नुरेयेव १९६१ साली पॅरिसच्या विमानतळावर निसटला आणि आईला परत भेटला ते १९८७ साली, ती अंथरुणाला खिळलेली असताना, अगदी थोड्या वेळासाठी. बुद्धिबळवाल्यांना सोव्हिएत ग्रँडमास्टर कोर्चनॉय माहीत असेल. तो १९७६ ला ॲमस्टरडॅममध्ये राहिला, पुढे त्याच्या मुलानं लष्करात जायला नकार दिला म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि १९८१ ला मेरानोत बाप कार्पोवसमोर वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी बसलेला असताना पोरगा तिकडे लेबर कॅम्पात. कशी लागत असेल त्या पटावर नजर?

लुट्झ आयगेनडॉर्फची गोष्ट तर वाचवत नाही. बर्लिनच्या बीएफसी दिनामोचा, मील्केच्या लाडक्या क्लबचा फुटबॉलपटू. १९७९ च्या मार्चमध्ये पश्चिम जर्मनीत मैत्रीपूर्ण सामना खेळून टीमची बस परत निघाली, वाटेत गीसन शहरात थांबली, हा उतरला आणि टॅक्सी करून निघून गेला. बायको आणि लहान मुलगी बर्लिनमध्येच. स्टासीनं बायकोच्या आयुष्यात एक माणूस पेरला, तिनं घटस्फोट घेतला, त्याच्याशी लग्न केलं, आणि तो एजंट होता. आयगेनडॉर्फ १९८३ साली गाडीच्या अपघातात गेला, सव्वीस वर्षांचा. त्याच्यावर पन्नासच्या वर खबरे लावले होते असं नंतर फाइलींतून दिसलं. अपघात घडवून आणला का याचा संशय आजही आहे, कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही. ते सोडून देऊ. पण एका मिडफिल्डरसाठी एका बाईचा संसार खोटा उभा करणं, हे तर झालंच ना.

कुणी म्हणेल की आजकाल सगळ्याच खेळाडूंवर नजर असते. खरंय. डोपिंग टेस्टसाठी मोठ्या खेळाडूंना रोजच्या एका तासाचा ठावठिकाणा आधी कळवून ठेवावा लागतो, वर्षात तीनदा चुकलं तर कारवाई. २००९ साली आपल्या क्रिकेटपटूंनी आणि बोर्डानं याला विरोध केला होता, खासगी आयुष्यात ढवळाढवळ म्हणून, आणि बोर्ड नाडाच्या, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या, कक्षेत यायला २०१९ उजाडलं. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही चूक वाटलं नव्हतं, पण त्यात एक मोठा फरक आहे. नियम छापलेला आहे, खेळाडूला माहीत आहे कोण काय लिहितंय, भांडायला जागा आहे, आणि त्याच्या आईचं घर कुणी पाडत नाही.

घर पाडण्याचं उगाच नाही लिहिलं. इराणची क्लायंबर एल्नाझ रेकाबी ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलच्या आशियाई स्पर्धेत हिजाब न घालता भिंत चढली. त्यानंतर तिच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट आली की ते चुकून झालं, मग तेहरान विमानतळावर टोपी आणि हुडीत उतरली, टीव्ही कॅमेऱ्यासमोर तेच पुन्हा बोलली. बाहेर लोक पहाटे जमून तिच्या नावानं घोषणा देत होते. काही आठवड्यांनी तिच्या कुटुंबाचं घर पाडल्याचा व्हिडिओ आला, मेडलं जमिनीवर पडलेली दिसत होती, सरकारी बाजूनं म्हणणं की बांधकाम परवानगीचा प्रश्न होता. त्याच वर्षी कतारच्या वर्ल्डकपमध्ये इराणचे फुटबॉलपटू पहिल्या मॅचला राष्ट्रगीत न म्हणता गप्प उभे राहिले आणि दुसऱ्या मॅचला ओठ हलवले. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच, घाबरले, विकले गेले, वगैरे. मला इतकं वाईट वाटलं. त्या अकरा जणांच्या घरी काय फोन गेले असतील याचा विचार करायला दोन मिनिटंसुद्धा कुणाकडे नव्हती.

२०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवतं का, बेलारूसची क्रिस्त्सिना त्सिमानोस्काया, स्प्रिंटर. तिची शर्यत २०० मीटर. कोच लोकांनी तिला न विचारता ४ बाय ४०० च्या रिलेत घातलं, कारण बाकीच्या मुलींच्या डोपिंग टेस्ट पुरेशा झालेल्या नव्हत्या. तिनं इन्स्टाग्रामवर याबद्दल तक्रार केली. राजकारणाबद्दल एक अक्षर नाही, फक्त कोचचा ढिसाळपणा. तिच्या देशाच्या ऑलिंपिक समितीवर तेव्हा राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोचा मुलगा अध्यक्ष, त्याआधी वर्षानुवर्षं खुद्द लुकाशेंको. कोचांनी खोलीत येऊन सांगितलं, सामान भर. समितीनं जाहीर केलं की तिची मानसिक अवस्था ठीक नाही.

हानेदा विमानतळाकडे जाताना तिच्या आजीचा फोन आला. टीव्हीवर तुझ्याबद्दल वाईट बोलतायत, परत येऊ नकोस. तेवढंच. माझ्या डोक्यात ती आजी घर करून राहिलीय, कारण राजवटीचा सगळा हिशोब याच्यावर चालतो की घरची माणसं म्हणजे दोरी, ती ओढली की खेळाडू परत येतो, आणि इथे त्या दोरीच्या टोकाला बसलेली म्हातारीच म्हणाली की सोड. मग विमानतळावर त्सिमानोस्कायानं आपल्या मोबाईलवर एक वाक्य जपानीत भाषांतर करून घेतलं, मला मदत हवीय अशा अर्थाचं, आणि स्क्रीन सरळ पोलिसासमोर धरली. बरोबरची माणसं शेजारीच उभी. ज्या फोनवरून तिच्यावर सगळा वचक ठेवला जात होता, ज्यातली पोस्ट वाचून तिला घरी पाठवत होते, तोच फोन.

पोलंडनं व्हिसा दिला, व्हिएन्नामार्गे ती वॉर्सात पोचली, नवराही देश सोडून येऊन तिला भेटला. त्या दोन कोचांची ऑलिंपिकची ओळखपत्रं काढून घेण्यात आली. देश बदलला की दुसऱ्या देशाकडून पळायला काही वर्षं थांबावं लागतं, तिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

२०२४ ला पॅरिसमध्ये ती पोलंडच्या जर्सीत २०० मीटर पळाली. मेडल वगैरे काही नाही, तेवढा वेग तिच्याकडे त्या दिवशी नव्हता. पण टोकियोत जी शर्यत तिला पळू दिली नव्हती ती ती पळाली, आणि मी लेकीला उठवून शेजारी बसवलं होतं, तिला आधी सगळी गोष्ट सांगून. तिनं एकच विचारलं, आजी बघत असेल का गं तिची?